कोरियन शिकायची, पण कशाच्या जोडीला?

नगरहून पुण्याला निघालं की सुपं मागे पडतं, शिरूरला घोड नदीचा पूल लागतो आणि थोड्याच वेळात रांजणगाव येतं. महागणपतीच्या दर्शनाला आपण सगळेच तिथे उतरतो. त्याच रांजणगावच्या एमआयडीसीत गेली दोन दशकं एलजी या कोरियन कंपनीचा मोठा कारखाना उभा आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातले कितीतरी फ्रीज तिथून बाहेर पडलेले असतात. पारनेर-श्रीगोंद्याची पोरं या पट्ट्यातल्या कारखान्यांत शिफ्ट करतात, काही तर रोज गावाहून ये-जा करतात. त्यामुळे ‘मुलगी कोरियन शिकायचं म्हणते, त्याचं पुढे काय होणार?’ असं एखादे पालक विचारतात, तेव्हा मी सोलपासून बोलायला सुरुवात करत नाही, रांजणगावपासून करते.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. कोरियन जरूर शिकावी, पण दुसऱ्या एखाद्या कामाच्या जोडीला. आयटीआय, डिप्लोमा, बी.कॉम., फार्मसी, संगणक, शेती यांपैकी काहीही चालेल, पण हातात एक काम हवं आणि त्या कामाला कोरियनची जोड हवी. बारावीनंतरची तीन वर्षं सगळी सोडून फक्त भाषेवर लावायची असतील, तर तो निर्णय फार थोड्या मुलांसाठी योग्य ठरतो. ती मुलं कोणती, तेही पुढे येईलच.

मुलांच्या आवडीला हसू नये, हे पालकांना पहिलं सांगणं. २०१३ मध्ये पदार्पण केलेल्या बीटीएसची गाणी शेवगाव-पाथर्डीच्या मुलींना तोंडपाठ असतात. २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ला ऑस्कर मिळालं, २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ आली आणि टाळेबंदीच्या काळात मोबाइलवर कोरियन मालिका बघणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. इंग्रजी चित्रपटांच्या ओढीने इंग्रजी सुधारलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. आवडीतून भाषा शिकता येते. फरक एवढाच की मालिकेत खालच्या ओळी वाचून गोष्ट कळते, भाषा कळत नाही. मुलीची ओढ गोष्टीची आहे की भाषेची, हे तपासायला एक रुपयाही लागत नाही. कोरियन लिपी शिकायला सांगा. रोज तासभर बसणाऱ्या मुलीला पंधरा दिवसांत अडखळत का होईना वाचता येतं. पंधरा दिवसांनी ती वही उघडी असेल, तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही.

आता काम कुठे आहे ते पाहू. नगरच्या पोरांच्या दृष्टीने नकाशा बरा आहे. पुण्याच्या रस्त्यावर रांजणगाव. शिक्रापूरवरून चाकणकडे वळलं की पुढे तळेगाव, जिथला जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. दुसऱ्या बाजूला नेवाशावरून छत्रपती संभाजीनगर गाठलं की जालना रस्त्यावर शेंद्र्याची ऑरिक वसाहत, तिथे ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना आहे. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात विळे-भागाडला पॉस्कोचा पोलादाचा कारखाना आहे. या मोठ्या नावांच्या मागे सुटे भाग, पॅकिंग, वाहतूक, कॅन्टीन अशा लहान पुरवठादारांची रांग असते. तिथल्या माणसांचा कोरियन साहेबांशी रोज संबंध येतो आणि तिथे भाषा येणारं माणूस सहसा मिळत नाही.

या कारखान्यांत भाषेचं काम नेमकं काय असतं? नवी मशीन आली की ती बसवून द्यायला कोरियातून तंत्रज्ञ येतात. त्यांचं इंग्रजी बेताचं, आपल्या ऑपरेटरचंही बेताचं. दोघांच्या मधे जो उभा राहतो, त्याला दोन्हीकडचं कळावं लागतं. तंत्रज्ञ म्हणतो, हा बोल्ट इतक्या टॉर्कवर घट्ट करा, आधी समोरासमोरचे आणि मग शेजारचे. दुभाष्याला टॉर्क म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, तर तो ‘नीट घट्ट करा’ एवढंच सांगतो आणि संध्याकाळी तिथून तेल गळायला लागतं. साच्यातून माल तुटका का येतोय, रिजेक्शन कुठल्या शिफ्टला वाढतंय, पट्टा कधी थांबवायचा, हे बोलणं शब्दकोशात सापडत नाही. म्हणूनच फिटर किंवा टूल अँड डाय केलेल्या मुलाने टोपिक या परीक्षेच्या सहांपैकी तिसऱ्या पातळीपर्यंतची कोरियन कमावली, तर तो सहाव्या पातळीच्या पण मशीन न पाहिलेल्या दुभाष्यापेक्षा त्या पट्ट्यावर जास्त उपयोगी पडतो.

कार्यालयातही हेच. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार २००९ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्या करारातली आयात शुल्काची सवलत मिळवायला माल मूळचा कोरियात बनला असल्याचा दाखला लागतो. कागदात खोट निघाली की माल बंदरात अडकतो, मग कोरियातल्या पुरवठादाराला फोन करून, पटवून, नवा कागद मागवावा लागतो. बी.कॉम. करून आयात-निर्यातीच्या कागदपत्रांत हात बसलेल्या आणि कोरियनमध्ये फोन उचलणाऱ्या मुलीला असं ठिकाण सोडत नाही. शिवाय कोरियन अधिकाऱ्यांच्या कुटुंबांचं सगळंच असतं: घरभाडं, परदेशी नागरिकांची नोंदणी, मुलांची शाळा, दवाखाना. मनुष्यबळ विभागात भाषा जाणणाऱ्याची गरज इथूनच सुरू होते.

मोबाइलच आता भाषांतर करतो, मग शिकायचं कशाला, असंही पालक विचारतात, आणि ते बरोबर विचारतात. नावेर कंपनीचं पापागो किंवा इतर अ‍ॅप्स साधं पत्र, सूचना, ईमेल चांगलं उलटवून देतात. नुसत्या कागदी भाषांतरावर घर चालवण्याचे दिवस कमी होत जाणार, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. बैठकीचं मात्र तसं नाही. कोरियन वरिष्ठ ‘विचार करून सांगतो’ म्हणाले तर तो होकार आहे की नकार, गप्प बसले तर राग आहे की विचार, हे ओळखायला माणूस लागतो. त्याला भाषेबरोबर रीत माहीत असावी लागते आणि समोरच्या कामाची अक्कल असावी लागते.

आता भाषेकडे वळू. हा भाग मला सगळ्यांत आवडतो, कारण मराठी मुलांना इथे न मागता काही देणग्या मिळालेल्या आहेत.

कोरियन लिपीला हांगुल म्हणतात. राजा सेजोंगच्या काळात ती १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. त्याआधी तिथे चिनी चित्रलिपीत लिहीत, जी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. हांगुलमध्ये मूळ १४ व्यंजनं आणि १० स्वर आहेत, जोडाक्षरं धरून ४०. व्यंजनांचे आकार तोंडातल्या अवयवांवरून घेतले आहेत: ‘न’च्या खुणेत जिभेचं टोक वर टेकलेलं दिसतं, ‘म’चा चौकोन म्हणजे मिटलेलं तोंड. हलक्या उच्चाराच्या अक्षराला एक रेघ वाढवली की तोच वर्ण श्वास सोडून म्हणायचा, म्हणजे आपला महाप्राण. शाळेत कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असं वर्गीकरण घोकलेल्या मुलाला ही मांडणी पाहून ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

उच्चाराचे नियमही तसेच. इंग्रजी माध्यमातून शिकवणारी पुस्तकं या नियमांवर पानंच्या पानं खर्च करतात. लिहिताना ‘हाप-निदा’ लिहायचं आणि म्हणताना ‘हाम्निदा’ म्हणायचं, कारण ‘प’च्या पुढे ‘न’ आला की ‘प’चा ‘म’ होतो. दहावीपर्यंत संधी शिकलेल्या पोराला सांगा की वाक् आणि मय यांचं वाङ्मय होतं, जगत् आणि नाथ यांचं जगन्नाथ होतं, तीच ही गोष्ट. त्याला दोन मिनिटांत कळतं. मराठी व्याकरणाचा तास इतका कामी येईल असं त्या मुलांना कधी वाटलेलं नसतं.

वाक्यरचना तर जवळपास आपलीच. क्रियापद शेवटी. शब्दाला मागून प्रत्यय. ‘जो-नुन नगर-एसो वास्सुम्निदा’ म्हणजे ‘मी नगरहून आलो’. ‘एसो’ जिथे बसतो तिथेच आपला ‘हून’ बसतो. मुलाने मनात मराठी वाक्य जुळवलं तरी शब्दांची जागा चुकत नाही. क्रियापदाला लिंग-वचनाची कटकट नाही, आलो-आली-आले असं काही नाही. आणि समोरच्याचं वय, मान पाहून क्रियापदाचं रूप बदलतं, हे तू-तुम्ही-आपण सांभाळणाऱ्या घरातल्या मुलाला पटवून द्यावं लागत नाही.

मग अवघड काय? पुष्कळ आहे, आणि ते लपवून ठेवणाऱ्या क्लासपासून सावध राहावं. आपल्याला क, ख, ग माहीत. कोरियनमध्ये मऊ, दाबून म्हटलेला आणि श्वास सोडलेला असे तीन वर्ण आहेत. त्यातला मऊ वर्ण शब्दाच्या सुरुवातीला ‘क’कडे झुकतो आणि दोन स्वरांमध्ये ‘ग’सारखा ऐकू येतो. कानाला हे बसायला महिने जातात. अंक दोन प्रकारचे, एक मूळ कोरियन आणि एक चिनी मुळाचे: तास एका अंकात सांगायचे, मिनिटं दुसऱ्या. शब्दसंग्रहाचा मोठा भाग चिनी मुळांतून आलेला, त्यामुळे संस्कृतचा काहीही आधार नाही, सगळं पाठ करावं लागतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषासंस्थेने इंग्रजी भाषकांसाठी कोरियन सर्वांत अवघड गटात ठेवली आहे आणि तिला सुमारे २२०० तासांचं शिक्षण ठरवलं आहे. आपल्याला व्याकरणात थोडी सूट मिळते असं धरलं, तरी रोज एक तास देणाऱ्याचे वर्षाला ३६५ तासच होतात. ‘तीन महिन्यांत फाडफाड कोरियन’ असा फलक दिसला की हा हिशेब आठवावा.

मोजमापाची मुख्य परीक्षा म्हणजे टोपिक. कोरिया सरकारच्या संस्थेतर्फे ती १९९७ पासून होते. टोपिक-१ मध्ये ऐकणं आणि वाचणं, एकूण २०० गुण. ८० ला पहिली पातळी, १४० ला दुसरी. टोपिक-२ मध्ये लिहिणंही येतं, एकूण ३०० गुण. १२० ला तिसरी पातळी, १५० ला चौथी, १९० ला पाचवी, २३० ला सहावी. नोकरीच्या जाहिरातीत साधारण तिसरी-चौथी पातळी हे बोलण्यासारखं ठिकाण समजावं. पहिल्या पातळीच्या दाखल्यावर कुणी नोकरी देत नाही, तो फक्त स्वतःच्या समाधानासाठी. निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात, त्यामुळे अकरावीत घाईने परीक्षा दिली तर तो कागद पदवीच्या वेळी उपयोगी पडत नाही. टोपिक-१ आणि टोपिक-२ मध्ये बोलणं तपासत नाहीत, आणि कारखान्यात तर बोलायचंच असतं. त्याचा सराव वेगळा ठेवावा लागतो. भारतात परीक्षा दिल्ली, चेन्नई अशा मोजक्या शहरांत होते, म्हणून प्रवासखर्च आणि एक रात्रीचा मुक्काम आधीच धरावा.

नगरमध्ये बसून शिकता येतं का? पहिल्या वर्षापुरतं निश्चित येतं. कोरिया सरकारच्या किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, त्यांची ‘सेजोंग हांगुगो’ ही पाठ्यपुस्तकं आहेत. दिल्लीत २०१२ पासून कोरियन सांस्कृतिक केंद्र आहे. संगमनेर असो की जामखेड, मोबाइल आणि वही एवढ्यावर दुसऱ्या पातळीपर्यंत पोहोचता येतं, बस रोजचा तास चुकता कामा नये. त्यानंतर मात्र चूक दाखवणारा शिक्षक हवाच. पुण्यातले क्लास ऑनलाइनही शिकवतात. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: शिकवणाऱ्याची स्वतःची टोपिक पातळी किती, मागच्या वर्षी किती मुलं कुठल्या पातळीला उतरली, आणि बोलण्याचा सराव आठवड्यातून किती वेळ. या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर उठून यावं.

भाषा ही मुख्य पदवी म्हणूनच घ्यायची असेल, तर ती चांगल्या ठिकाणी घ्यावी. दिल्लीच्या जेएनयूत कोरियनची बी.ए. ऑनर्स आहे, तिथला प्रवेश सीयूईटीतून होतो. दिल्ली विद्यापीठातही पूर्व आशियाई अभ्यास विभागात कोरियन शिकवतात, आणि रांचीच्या झारखंड केंद्रीय विद्यापीठातही. वाचनाची गोडी, लिहिण्याचा हात आणि पुढे शिकवण्याची किंवा संशोधनाची इच्छा असलेली मुलं सुरुवातीला म्हटलं त्या थोड्यांत मोडतात. अशी मुलगी असेल तर तिला नगरच्या बाहेर पाठवायला कचरू नका. केंद्रीय विद्यापीठाची फी आपल्या खासगी कॉलेजांच्या तुलनेत फारच कमी असते.

कोरियात जाऊन शिकण्याचा सगळ्यांत सन्मानाचा मार्ग म्हणजे तिथल्या सरकारची ग्लोबल कोरिया शिष्यवृत्ती. विमानभाडं, शिक्षणशुल्क आणि दरमहा भत्ता त्यात येतो. साधारण ८० टक्के गुण लागतात. पदवीसाठी वय २५ च्या आत, पदव्युत्तरसाठी ४० च्या आत. पहिलं वर्ष फक्त भाषा शिकवतात आणि त्या वर्षाअखेर टोपिकची तिसरी पातळी गाठली तरच पदवीचा अभ्यास सुरू होतो. पाचवी-सहावी पातळी आधीच असेल तर ते वर्ष माफ. पदवीचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, पदव्युत्तरचे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. विज्ञान-अभियांत्रिकीच्या हुशार मुलांनी देजॉनच्या काइस्टसारख्या संस्थाही बघाव्यात, तिथे बरंचसं शिक्षण इंग्रजीत आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून किंवा एखाद्या विज्ञान महाविद्यालयातून एम.एस्सी. केलेल्या मुलांना तिथल्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.ची जागा मिळू शकते. त्यांच्यासाठी भाषा ही प्रवेशाची अट नसते, पण प्रयोगशाळेबाहेरचं जगणं सोपं होतं.

या शिष्यवृत्तीच्या अर्जात स्वतःबद्दलचा निबंध लिहावा लागतो. आपली मुलं तिथे बीटीएसबद्दल लिहितात, जगभरची मुलं तेच लिहितात. नगरच्या मुलाजवळ याहून फार मोठी गोष्ट आहे. १९७० मध्ये कोरियात सेमाउल उन्दोंग, म्हणजे नव्या गावाची चळवळ, सुरू झाली. सरकारने ३३ हजारांहून अधिक गावांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट दिलं आणि सांगितलं, गावाच्या सामाईक कामाला वापरा. कुणी पूल बांधला, कुणी विहीर बांधली, कुणी रस्ता रुंद केला, आणि कुठे ती पोती तशीच पडून राहिली. दुसऱ्या वर्षी ज्या साडेसोळा हजार गावांनी काम दाखवलं, त्यांनाच ५०० पोती आणि एक टन लोखंड मिळालं. इतरांना काही नाही. त्या चळवळीची कागदपत्रं २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली.

हे वाचताना राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार आठवणार नाहीत असा नगरकर विरळा. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, पाण्याचा हिशेब गावासमोर मांडणं. दोन्हींत मोठा फरकही आहे: कोरियातली चळवळ राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या कठोर राजवटीत वरून आली, आपल्याकडचं काम ग्रामसभेतून उभं राहिलं. पारनेर किंवा नगर तालुक्यातल्या मुलाने स्वतः गावात जाऊन, सरपंचांशी बोलून, पाण्याचे आकडे पाहून या दोन चळवळींची तुलना लिहिली, तर मुलाखत घेणारा कोरियन माणूस खुर्चीत पुढे सरकून ऐकेल. संस्कृती शिकणं म्हणजे फक्त त्यांच्याकडून घेणं नसतं, आपल्या गावाचं काही त्यांच्यासमोर नीट ठेवता येणंही असतं.

रोजच्या रीतींचं शिक्षणही आधीच सुरू करावं. वस्तू देताना-घेताना दोन्ही हात, निदान उजव्या हाताला डाव्याचा आधार. मोठ्यांनी घास घेतल्यावर आपण जेवायला लागायचं. वरिष्ठाला नावाने हाक मारायची नाही, पद म्हणायचं आणि त्यापुढे ‘निम’ लावायचं, आपण ‘पाटीलसाहेब’ म्हणतो तसंच. वय विचारलं तर राग मानायचा नाही, कारण वय कळल्याशिवाय तुमच्याशी कसं बोलायचं हे त्यांना ठरवता येत नाही. कामाची घाई फार, वेळेला फार महत्त्व. ऑफिसनंतर सगळ्यांनी मिळून जेवायला जाणं हा कामाचाच भाग समजतात. माळकरी घरातल्या मुलांना हे आधी सांगायला हवं की तिथल्या किमचीतही बहुतेक वेळा माशाचा किंवा कोळंबीचा अंश असतो. शाकाहार पाळता येतो, पण रोज विचारून, स्वतः शिजवून. आणि मालिकेतलं सोल वेगळं, सोलमधली जानेवारीची थंडी वेगळी.

आता पालकांनी सगळ्यांत लक्ष देऊन वाचावं असं. कोरियात कामगार घेण्याची एम्प्लॉयमेंट परमिट सिस्टिम ही सरकारी योजना २००४ पासून चालू आहे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान असे शेजारी देश तिच्यात आहेत, भारत नाही. तेव्हा ‘टोपिक द्या, कोरियातल्या कारखान्यात कामगार म्हणून लावतो, दोन लाख आगाऊ द्या’ असं कुणी गावात येऊन सांगत असेल, तर तो खोटं बोलतोय. भाषा शिकण्याच्या व्हिसावर नेऊन तिथे काम लावून देतो म्हणणारेही असतात. त्या व्हिसावर पूर्ण वेळ काम करता येत नाही, पकडलं गेलं तर मुलाला परत पाठवतात आणि पुढचे दरवाजे बंद होतात. परदेशी नोकरीचा कुठलाही एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का, हे आधी पाहा. शेत गहाण ठेवून पैसे देण्याआधी तर नक्कीच.

जपानी घ्यावी की कोरियन, हाही प्रश्न नेहमीचा. खरं सांगायचं तर पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, शिक्षक जास्त आहेत, जेएलपीटीची परीक्षा पुण्यातच होते आणि नोकऱ्याही संख्येने अधिक. कोरियनच्या जागा कमी आहेत, पण चांगलं येणारेही कमी आहेत. मुलाला दोन्हींचं सारखंच असेल, तर मी जपानी सुचवते. मुलगा किंवा मुलगी कोरियनमध्ये रमलेली असेल, तर जपानीचा आग्रह धरू नये. अवघड भाषेत दोन वर्षं टिकून राहायला ओढच लागते, ती बाहेरून लावता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचं नाव आहे, म्हणून पुढे शिक्षकांचीही गरज पडेल. ती कधी आणि किती, यावर मात्र आज कुणाचं करिअर उभं करू नये.

दहावी-बारावीच्या निकालानंतर घरात बैठक बसेल, तेव्हा मुलाला एवढंच विचारा: भाषेसोबत दुसरं काय शिकणार आहेस? त्याच्याकडे उत्तर असेल तर त्याच्या बाजूने उभे राहा. उत्तर नसेल तर रागावू नका, दोघे मिळून शोधा. आणि कुठल्याही क्लासची पावती फाडण्याआधी ते पंधरा दिवसांचं लिपीचं काम त्याच्याकडून करून घ्या.